केंद्र सापडतं, ग्रुप कुणी शोधायचा?

घरात पिणारं माणूस असलं की सगळी धावपळ एकाच प्रश्नाभोवती चालते: अॅडमिट कुठे करायचं? पैसे उभे केले जातात, रजेचा अर्ज जातो, मामा गाडी घेऊन येतो. महिन्याभराने तोच माणूस दाढी करून, अंगावर थोडं मांस चढवून घरी परततो. आणि त्या संध्याकाळी सात वाजता त्याने करायचं काय, याचा विचार कुणीच केलेला नसतो.

आमच्या घरातल्या एकाला विचारून हे लिहितेय. नातं सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच की व्यसनमुक्ती केंद्र लांबचं असलं तरी चालेल, दारू सोडलेल्यांनी एकत्र बसून बोलायचा ग्रुप मात्र घराजवळ हवा. देशीचं दुकान चालत पाच मिनिटांवर आणि मिटिंग चाळीस किलोमीटरवर असेल, तर माणूस दोन आठवडे एसटीने जाईल, तिसऱ्या आठवड्यात पाऊस येईल.

अशाच ग्रुपांची संघटना असलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे एएची, सुरुवातच मुळी अशा शोधातून झाली. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात एक शेअरबाजारवाला कामासाठी आला होता. काम फसलं, हॉटेलातच बार होता आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. त्याने चर्चना फोन लावले. त्याला हवा होता दुसरा एखादा दारुडा, बोलायला. त्या फोनाफोनीतून एका सर्जनशी गाठ पडली आणि त्या दोघांपासून पुढचं सगळं उभं राहिलं. मला यात भारी वाटतं ते हे की त्याला समोरच्याला सुधारायचं नव्हतं. स्वतःची संध्याकाळ निभवायची होती.

आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या वेषात आहे. माळ घातल्यावर सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. पांडुरंगाचा धाक असतोच, पण मला विचाराल तर खरं काम करतं भजनी मंडळ. जुनी बैठक सुटते, नवी मिळते. ज्याने माळ घातली पण भजनाला कधी बसला नाही, त्याची माळ खुंटीवर जायला वेळ लागत नाही. ज्यांना देवाचं वावडं आहे त्यांनी एएच्या ‘ईश्वर’ शब्दालाही बिचकू नये, तो ज्याने त्याने आपापल्या समजुतीने घ्यायचा असतो. मिटिंग चर्चच्या हॉलमध्ये भरली म्हणून ती चर्चची होत नाही.

‘गावात कळेल’ ही दुसरी अडचण. गटारीला नाल्याकाठी पडलेल्याला अख्ख्या आळीने उचलून घरी आणलेलं असतं, तरी मिटिंगला जाताना कुणी बघेल याची भीती. पिताना लाज नाही, सोडताना लाज! तिथे नावनोंदणी नाही, फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. चहाला आणि भाड्याला सभासदच जमेल ते टाकतात, बाहेरची देणगी घेतच नाहीत. फारच अवघडत असेल तर शेजारच्या गावची मिटिंग धरा. पहिल्यांदा ‘ओपन’ मिटिंगला जा, तिथे घरच्यांनाही बसता येतं.

पत्ता कुठून मिळवायचा? केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारा. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने, जे १९८६ पासून चालू आहे, वेगवेगळ्या गावांत पाठपुराव्याचे गट चालवले आहेत, तिथे फोन करा. पिणारा तयार नसेल तर बायकोने, आईने स्वतःसाठी जावं. अल-अॅनॉन हा घरच्यांचाच ग्रुप आहे, मुक्तांगणचा ‘सहचरी’ बायकांचा. आमच्या घरात आधी बाईच गेली होती, तो नंतर.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. ग्रुप म्हणजे डॉक्टर नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. पहिले दिवस डॉक्टरच्या देखरेखीखालीच काढायचे. आणि ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका. जेवणातून गुपचूप दिलेल्या पुडीत डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि त्यावर दारू गेली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

‘नुसतं बोलून काय होतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी: २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून पूर्ण लांब राहण्यात एएची वाट आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही. एका मिटिंगला जाऊन ‘जमलं नाही’ म्हणणाऱ्याला मी दुसरी मिटिंग बघायला सांगते, कारण प्रत्येक ग्रुपची माणसं वेगळी, बोलण्याची तऱ्हा वेगळी.

तालुक्यात ग्रुपच नसेल तर? एएच्या परंपरेप्रमाणे दारूपासून लांब राहायला जमलेले दोन-तीन जण म्हणजेच ग्रुप. शाळेचा एखादा वर्ग संध्याकाळी रिकामाच असतो, मुख्याध्यापकांना विचारून बघा.

तुमच्या गावात मिटिंग भरत असेल तर खाली वार, वेळ आणि जागा लिहा. माणसांची नावं नकोत.