फुकटचा पैसा म्हणणाऱ्यांसाठी

आज मिनेसोटातल्या प्रायर लेकला एका बारशाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर विषय मिस्टिक लेक कसिनोवर आला आणि एक साहेब श्रीखंडाची वाटी हातात धरून म्हणाले, "या लोकांचं बरं आहे बुवा, घरबसल्या फुकटचा पैसा!" सगळे हसले. यजमानांकडे बघून मी गप्प बसलो, पण आता लिहितोच.

"हे लोक" म्हणजे डकोटा, इथले मूळ अमेरिकन आदिवासी. कसिनो त्यांच्यातल्याच शाकोपी समाजाचा. आपण जिथे टाऊनहाऊस घेतलीत त्या जमिनीचे मूळ मालक.

मागे बाबा आले होते तेव्हा त्यांना मँकेटो गावाला नेलं होतं. तिथल्या एका छोट्या बागेत 38 नावांचा मोठा फलक आहे. 26 डिसेंबर 1862 ला या 38 डकोटांना एकाच मचाणावर, एकाच वेळी फासावर चढवलं. अमेरिकेत इतकी मोठी सामूहिक फाशी दुसरी नाही. त्या वर्षीच्या युद्धाबद्दल लष्करी न्यायालयाने 303 जणांना फाशी ठोठावली होती, काही खटले तर पाच मिनिटांत उरकले. लिंकनने यादी कापली, हे कबूल. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यांचे जमिनीचे पैसे मिळाले होते का रे वेळेवर?"

बाबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलंय. त्यांना आधी हाच प्रश्न सुचणार.

नव्हते मिळाले. अमेरिकन सरकारशी 1851 ला झालेल्या करारांत डकोटांच्या हातून दक्षिण मिनेसोटा गेला. पैसे वर्षाच्या हप्त्याने, त्यातूनही व्यापारी उधारी परस्पर वळती करून घेणार. 1862 ला हप्ता थकला, गोदामात धान्य असून देईनात. एक व्यापारी म्हणे म्हणाला, भूक लागली तर गवत खा. 18 ऑगस्टला डकोटा आणि गोऱ्यांमध्ये युद्ध पेटलं. थकलेल्या हप्त्याचं सोनं फोर्ट रिजलीच्या लष्करी ठाण्यावर पोचलं कधी? त्याच दिवशी!

हो, शेकडो गोरे मारले गेले, बायकापोरंसुद्धा. नाकारत नाही. पण म्हणून सोळाशेच्या आसपास डकोटा, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे, यांना फोर्ट स्नेलिंगच्या छावणीत मिनेसोटाचा हिवाळा काढायला लावायचा? विमानतळाला लागूनच आहे ते. पाहुण्यांना आणायला जाताना मान वळवून बघितलंय कुणी? 1863 ला करारच रद्द केले आणि यांना राज्याबाहेर हाकललं. पुढे जे परतले त्यांनी आपल्याच मुलखात जमिनीचे तुकडे विकत घेतले.

बाबा त्या फलकापुढे अक्षराला अक्षर जुळवत नावं वाचत उभे होते, थंडीत. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "आमच्यातल्या कुणाला निदान फासावर नाही चढवलं." मला काही बोलताच आलं नाही.

शाकोपी समाजाच्या सभासदांना कसिनोतून भरपूर मिळतं, मान्य. पण ते मूठभर. साउथ डकोटात क्रो क्रीक या आदिवासी वस्तीची गरिबी बघून या, हाकललेल्यांना तिथेच नेऊन टाकलं होतं. प्रेअरी आयलंडच्या डकोटांच्या तर शेजारीच अणुवीज केंद्र आणि त्याचा कचरा. तोही फुकटच मिळालाय म्हणा.

आणि अप्पर सू एजन्सी नावाचं स्टेट पार्क 2024 मध्ये राज्याने डकोटांना परत केलं, त्यांचे पूर्वज पुरलेली जमीन. तेव्हा कँपिंगची जागा गेली म्हणून आपल्याच ग्रुपवर कोण कोण गळे काढत होतं, सांगू का नावं?