गाडीला नेमप्लेट का नाही?

परवा रविवारी भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्या वयात जे वेड असायला पाहिजे तेच आहे. पोह्यांवर तर्री घ्यायच्या आधीच त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मामा, शून्य ते साठ, दोन पॉइंट आठ सेकंदात! तेही इलेक्ट्रिक. पाहा तर!"

पाहिली. अल्ट्राव्हायोलेटची एफ-७७ मॅक-२. बंगळुरूची कंपनी, हे मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये आलं. वरच्या व्हेरियंटला १०.३ किलोवॅट-अवरची बॅटरी, ३० किलोवॅटची मोटर, १०० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे फिरवायचा जोर), ताशी १५५ किलोमीटर. वजन दोनशे किलोच्या वर. दिसायला लढाऊ विमानाची धाकटी बहीण. मी म्हटलं, "साठवर जाशील रे, पण थांबशील कुठं बे? शंकरनगर चौकात?" समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे हे आठवण करून दिल्यावर पोरगा गुपचूप पोहे खायला लागला.

गाडीशी माझं भांडण नाही. भारतात कोणी असं काही बनवतंय याचा आनंदच आहे. पण या पोराला, आणि शोरूममध्ये शिरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला, जो आकडा दाखवला जातो तो आपल्या नागपूरच्या कामाचा नाही, एवढं मला आज सांगायचं आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी बुटीबोरी एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. वीस वर्षं झाली, दिवस मोटरींच्या संगतीतच जातो. आमच्याकडे कॉम्प्रेसरला ३७ किलोवॅटची एक मोटर आहे. तिच्या अंगावर अॅल्युमिनियमची छोटी पाटी रिव्हेट केलेली आहे, तिला आम्ही नेमप्लेट म्हणतो. त्यावर किलोवॅट, आरपीएम, अँपिअर तर असतंच, पण खाली बारीक अक्षरात खरी गोष्ट लिहिलेली असते : ड्यूटी एस-१, इन्सुलेशन क्लास एफ, अँबियंट ४० डिग्री. म्हणजे ही मोटर पूर्ण लोडवर दिवसभर चालेल, फक्त आजूबाजूची हवा ४० डिग्रीच्या वर जायला नको. हवा त्याहून तापली तर लोड कमी करा. यात लपवाछपवी काही नाही, सगळं पाटीवरच आहे.

आता नागपूर. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ डिग्री होते. एवढं दरवर्षी होत नसलं तरी मेमध्ये ४४-४५ म्हणजे आपल्याला नेहमीचंच. प्लांटमध्ये त्या महिन्यात आम्ही ड्राइव्हच्या (मोटरला हवा तेवढाच करंट देणाऱ्या यंत्राच्या) पॅनेलचं दार उघडून समोर चक्क डेझर्ट कूलर लावतो. बाहेरून आलेले इंजिनिअर हसतात. दुपारी दोन वाजता ड्राइव्ह 'ओव्हरटेम्परेचर' दाखवून ट्रिप झाली की हसू बंद होतं.

इलेक्ट्रिक मोटारसायकल म्हणजे तरी दुसरं काय? एक बॅटरी, एक ड्राइव्ह (गाडीच्या भाषेत कंट्रोलर) आणि एक मोटर. तीच तीन माणसं, फक्त कूलर नाही.

मागच्या मेची गोष्ट. मी दोन वर्षांपासून एक इलेक्ट्रिक बाइक वापरतो. कोणती ते सांगत नाही, कारण दोष तिच्या एकटीचा नाही. मानेवाडा ते बुटीबोरी, जाऊन-येऊन साठ किलोमीटर. कागदावर एकशेतीसची रेंज, माझ्या हातात पंच्याऐंशी. ठीक आहे, हिशोब बसवला होता. त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून दीड वाजता निघालो. गाडी सकाळपासून टिनाच्या शेडखाली उभी. मागे शिफ्टचा सहकारी, दोघांच्याही तोंडाला दुपट्टे, माझ्या खिशात बायकोनं कोंबलेला कांदा. जामठ्यापर्यंत साठनं आलो, समोरून अशी झळ की हेल्मेटची काच उघडावी की बंद ठेवावी तेच कळेना. खापरीच्या पुलावर चढलो आणि डिस्प्लेवर थर्मामीटरचं लाल चिन्ह आलं. बॅटरी २२ टक्के. अॅक्सिलरेटर पूर्ण पिळलेला आणि वेग उतरतोय : पन्नास, पंचेचाळीस, अडतीस. आवाज नाही, धक्का नाही, धूर नाही. गाडी नुसती मान खाली घालून चालायला लागली. मागून कोळशाचा ट्रक हॉर्नवर हॉर्न. सहकारी म्हणाला, "भाऊ, उतरून चालू का मी?"

पूल उतरून सावली शोधली, उसाचा रस घेतला, चाळीस मिनिटं बसलो. हात लावून पाहिलं तर बॅटरीचं कव्हर गरम तव्यासारखं. थंड झाल्यावर गाडी मुकाट्यानं घरापर्यंत आली.

सर्व्हिस सेंटरवाल्यानं सांगितलं, "सर, काही बिघाड नाही. गाडी स्वतःला वाचवते." बरोबर बोलला तो. कंट्रोलरनं करंट कापला नसता तर बॅटरीच्या सेलचं किंवा मोटरच्या वाइंडिंगचं नुकसान झालं असतं. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभरात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ चे नियम कडक झाले, आणि आजच्या गाड्या तापल्यावर सावध होतात ते चांगलंच आहे. पण मग विकताना का नाही सांगितलं, की बावा, पंचेचाळीस डिग्रीत, डबल सीट, वीस टक्के बॅटरीवर, पुलाच्या चढावर ही गाडी एवढंच देईल? माझ्या कॉम्प्रेसरची मोटर सांगते ना.

यात एक मजेशीर बाब आहे. हा आकडा कोणाकडे नसतो असं नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरची पॉवर मोजायचं आपल्याकडे एक मानक आहे, एआयएस-०४१. त्यात नेट पॉवरसोबत 'कमाल तीस मिनिटांची पॉवर' मोजतात, म्हणजे मोटर सलग अर्धा तास जी देऊ शकेल ती. ब्रोशरवर मात्र ठळक अक्षरात छापतात पीक पॉवर, जी काही सेकंदांचीच पाहुणी असते. शून्य ते साठ हा पीकचा खेळ आहे. मानेवाडा ते बुटीबोरी हा तीस मिनिटांचा. स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन ५.९ किलोवॅट देतं म्हणतात, तर पेट्रोलची टाकी अर्धी झाली म्हणून ते साडेतीन देत नाही. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरी उतरते तसा व्होल्टेज उतरतो, आणि तेवढीच पॉवर हवी तर करंट वाढवावा लागतो. करंट वाढला की उष्णता त्याच्या वर्गाच्या हिशोबानं वाढते. म्हणजे गाडी नेमकी घरी परततानाच जास्त दमते, आणि आपण परततो भर उन्हात.

तर नव्या मॉडेलांकडे मी याच चष्म्यातून पाहतो. आणि खरं सांगतो, गेल्या दोन-तीन वर्षांत जे बदल झालेत त्यातले खरे कामाचे बदल जाहिरातीत दिसतच नाहीत.

पहिला म्हणजे सेलची केमिस्ट्री. ओबेनची रॉर २०२२ मध्ये आली ती एलएफपी बॅटरी घेऊन, आणि नोव्हेंबर २०२४ ची रॉर ईझीसुद्धा एलएफपीच, २.६ पासून ४.४ किलोवॅट-अवरपर्यंत. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलपेक्षा तेवढ्याच ऊर्जेला जड आणि मोठी, पण उष्णतेला जास्त सोशिक, आणि चार्जिंगची आवर्तनंही जास्त झेलते. शिवाय तिचा व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतो, शेवटाकडे एकदम घसरतो. नागपूरच्या माणसानं चार किलो वजन जास्त घ्यावं आणि एलएफपी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्या-नाशिकच्या मित्रांनी आपापलं पाहावं.

दुसरा बदल अहमदाबादच्या मॅटर एराचा. इलेक्ट्रिक गाडी, आणि तिला चार गिअर! मार्च २०२३ मध्ये पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पण हसलो होतो, विजेच्या मोटरीला गिअर कशाला? नंतर विचार केला. चढावर खालचा गिअर टाकला की मोटर तिच्या सोयीच्या आरपीएमवर फिरते, चाकावरच्या त्याच टॉर्कला करंट कमी लागतो, म्हणजे तापणं कमी. वर त्यांनी लिक्विड कूलिंग दिलं आहे. आमच्या पॅनेलसमोरच्या कूलरचा हा सुशिक्षित भाऊ. गिअरबॉक्स म्हणजे तेल आलं, झीज आली, हे मान्य. पण रोग कोणता आहे हे या गाडीला कळलंय.

तिसरी अजून आपल्या रस्त्यावर मी पाहिलेली नाही. रॉयल एनफिल्डनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलानला फ्लाइंग फ्ली सी-६ दाखवली. नाव दुसऱ्या महायुद्धात विमानातून टाकायच्या छोट्या गाडीचं, समोर जुन्या काळचा गर्डर फोर्क. माझी नजर मात्र बॅटरीच्या केसवर अडकली. मॅग्नेशियमची, आणि तिला पाती. बुलेटच्या सिलिंडरला असतात तशीच, हवा लागून उष्णता बाहेर जावी म्हणून. माझ्या वडिलांची राजदूत आठवली. शंभर वर्षांपूर्वीची युक्ती फिरून बॅटरीवर आली, आणि दिसतेही झकास.

डिझाइनमधला आणखी एक मोठा बदल म्हणजे मोटर चाकातून उठून चेसिसमध्ये आली. स्वस्त इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच असायची. वजन चाकात, म्हणून खड्ड्यात धक्का जास्त, आणि टायर बदलायचं म्हटलं तरी पंक्चरवाला हात जोडायचा. रिव्होल्टच्या आरव्ही-४०० नं २०१९ मध्येच मोटर मध्ये आणून बेल्टनं चाक फिरवलं. सप्टेंबर २०२४ च्या स्वस्त आरव्ही-१ मध्ये चेन आली. लोक म्हणतात पाऊल मागे पडलं. मी तसं म्हणणार नाही. बेल्ट शांत आणि स्वच्छ, पण मुरूम-गिट्टी अडकून तो तुटला तर नवा मिळणार कुठं? चेन उमरेडलाही मिळते, आणि घालून देणाराही.

आरव्ही-४०० मध्ये अॅपवरून खोटा एक्झॉस्टचा आवाज काढता यायचा, तोही चार प्रकारचा. यावर मी काही बोलत नाही.

आता सीट. इथं माझं नाही, बायकोचं मत देतो, कारण मागं ती बसते. एका शोरूममध्ये स्पोर्टी मॉडेलच्या मागच्या सीटकडे पाहून ती म्हणाली, "अहो, ही सीट आहे का पाट? आणि पाटही मुलांच्या मुंजीतला." सेल्समन हसला, पण विषय हसण्यावारी न्यायचा नाही. आपल्याकडे मोटारसायकल म्हणजे कुटुंबाची गाडी. इतवारीतून तेलाचा डबा, कॉटन मार्केटमधून भाजीची पिशवी, मागं माणूस. एफ-७७ चीच सुपरस्ट्रीट नावाची आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली, हँडल वर घेतलेलं, बसणं सरळ. वाकून चालवायची हौस पाठीला परवडत नाही हे कंपनीलाही उमगलं म्हणायचं. ओलाची रोडस्टर एक्स, रॉर ईझी, आरव्ही-१ या सगळ्याच आता साध्या बाइकसारख्या दिसायला लागल्यात. भाचा म्हणतो बोरिंग. मी म्हणतो, चला, कोणाला तरी बुटीबोरीचा माणूस दिसला.

किमतीचं थोडक्यात. केंद्राची सबसिडी २०२१ मध्ये किलोवॅट-अवरला पंधरा हजार होती, ती उतरत उतरत नावापुरती राहिली. तिकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, इलेक्ट्रिकचा पाच होता तो पाचच. म्हणजे पूर्वी फरक भरून निघत होता तेवढा आता निघत नाही. रोज पन्नास-साठ किलोमीटर असेल तरच हिशोब जमतो, दहा-बारा किलोमीटरवाल्यानं घाई करू नये.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना दोन गोष्टी. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर थांबा, जमल्यास रात्रीच लावा. आणि सकाळी शंभर टक्के भरून निघालात तर पहिल्या उतारावर रीजन (मोटरनंच ब्रेक लागून बॅटरी भरणं) लागणार नाही, कारण भरलेल्या माठात पाणी ओतता येत नाही. ब्रेक नेहमीपेक्षा आधी दाबा. मी एकदा ऑटोच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबलोय.

मागच्या शनिवारी एका शोरूमला गेलो होतो, जुनी देऊन नवी घ्यायचा विचार चाललाय. पोरगा हुशार होता, सगळे आकडे तोंडपाठ. मी विचारलं, "तीस मिनिटांची पॉवर किती?" त्यानं टॅबमध्ये शोधलं, मॅनेजरला विचारलं, मग पुन्हा टॉप स्पीडवर आला. म्हटलं असू दे. "असं कर, मेमध्ये येतो. दुपारी अडीचला, डबल सीट, खापरीच्या पुलापर्यंत टेस्ट राइड दे. वीस टक्के चार्ज असलेली गाडी ठेव."

तो एकदम अदबीनं म्हणाला, "सर, मेमध्ये आम्ही टेस्ट राइड संध्याकाळी साडेपाचनंतरच देतो."