सिलिकॉन म्हणजे ऑइल सील नव्हे

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यापासून उमरेड रस्त्यावर खाणीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांपर्यंत, फोर बाय फोर ट्रक आणि जीप बाळगणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरत आहे. गिअरबॉक्स बदलताना ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागे बसणाऱ्या, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) सीलवर खर्च करू नका. जोडावर सिलिकॉन भरपूर थापा, दोन्हीकडे एकच नव्वद नंबरचे तेल घाला आणि तेही अर्धा लिटर जास्त घाला, म्हणजे गळती कायमची थांबते, असा त्याचा सारांश आहे. ट्रान्सफर केस सुस्थितीत असेल तर ती आतून पूर्ण खोलण्याची गरज नसते, एवढे त्यातले मान्य करण्यासारखे आहे. बाकीचे तपासून पाहू.

सिलिकॉनने गळती थांबते, हा पहिला दावा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जिथे मिळतात तिथून तेल निसटण्याचे मार्ग दोन असतात. एक म्हणजे दोन धातूंच्या तोंडांमधली स्थिर फट आणि दुसरा म्हणजे त्यातून आरपार जाणारा, फिरणारा शाफ्ट. सिलिकॉन पहिल्या मार्गावर उपयोगी पडते, दुसऱ्यावर त्याचा काहीही उपयोग नाही, कारण फिरत्या शाफ्टवर तेल अडवण्याचे काम स्प्रिंगने आवळलेली सीलची लिप, म्हणजे रबरी कडच करू शकते. पुष्कळ रचनांमध्ये हाच सील दोन्हीकडची तेले वेगळी ठेवतो. तो झिजला तर जमिनीवर एक थेंबही पडत नाही. तेल एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जात राहते. लिलावात घेतलेल्या एका जुन्या गाडीत मी हे स्वतः पाहिले आहे. बाहेरून ती कोरडी ठणठणीत होती, पण गिअरबॉक्सचा फिलर प्लग (तेल भरण्याच्या भोकाचे बूच) सैल करताच तेलाची धार लागली आणि ट्रान्सफर केसच्या भोकात बोट घातले तर टोकालाही तेल लागले नाही. स्पायसर १८ ट्रान्सफर केस असलेल्या जुन्या विलीज घराण्याच्या जीपमध्ये तेलाचे हे स्थलांतर जाणकारांच्या चांगलेच परिचयाचे आहे. बाहेरून सिलिकॉन थापणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

हा सील बदलण्याची संधी गिअरबॉक्स उतरलेला असतानाच मिळते. एरवी केवळ त्या सीलसाठी तेवढीच मजुरी पुन्हा मोजावी लागते, आणि तिच्यापुढे सीलची किंमत किरकोळ असते. बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे असावी. दोन्ही बाजूंना तेल असेल तिथे निर्मात्याने सांगितलेलीच रचना ठेवावी. लिपला आधी तेल लावावे, कारण कोरडी लिप पहिल्या काही फेऱ्यांतच करपते. स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टवरच्या लांबट खाचांच्या, धारेने ती कापली जाऊ नये म्हणून शाफ्टवर टेप गुंडाळून मगच केस सरकवावी. शाफ्टवर जुन्या लिपने पाडलेली खाच नखाला लागत असेल तर नवा सीलही गळेल. अशा वेळी शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी किंवा जागा असल्यास सील एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवावा. केस शेवटच्या बोटभर अंतरावर अडली तर बोल्ट आवळून ती ओढून घेण्याचा मोह अनेक मिस्त्रींना होतो. खरे तर स्प्लाइन जुळलेली नसते, आणि तुटतो तो केसचा बोल्ट धरणारा ॲल्युमिनियमचा कान.

'भरपूर' या शब्दाबद्दल थोडक्यात. जुना थर पूर्ण काढून, तेलकटपणा पुसून, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने दोन-तीन मिलिमीटरची अखंड रेघ पुरते. जास्तीचे सिलिकॉन आत दाबले जाते, तुटते आणि ज्या केसमध्ये तेलाचा पंप असतो तिथे त्याच्या जाळीवर जाऊन बसते. जिथे गॅस्केटच्या किंवा शिमच्या (पातळ पत्र्याच्या चकतीच्या) जाडीवर बेअरिंगची चाल ठरते, तिथे त्यांच्या जागी सिलिकॉन वापरणे ही सरळ चूक आहे.

एकच तेल दोन्हीकडे, हा दावा मला सर्वांत धोकादायक वाटतो. 'नव्वद' हा केवळ घट्टपणाचा आकडा आहे, त्यातल्या रसायनांबद्दल तो काहीच सांगत नाही. (गिअर ऑइलचे ९० आणि इंजिन ऑइलचे ४० किंवा ५० हे प्रत्यक्षात जवळपास सारख्याच घट्टपणाचे असतात, मापनपट्ट्या वेगळ्या आहेत.) जीएल-५ या दर्जाच्या गिअर ऑइलमध्ये दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायने जीएल-४ पेक्षा बरीच जास्त असतात, आणि ती गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) बाधू शकतात. दुसरीकडे, साखळीवर चालणाऱ्या अनेक ट्रान्सफर केसना पातळ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) लागते, तर दातेरी चाकांच्या केसना बहुधा गिअर ऑइल. त्यामुळे नव्या गिअरबॉक्सचे तेल आणि जुन्या केसचे तेल एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. दोन्ही पुस्तिका पाहाव्यात.

अर्धा लिटर जास्त घातल्याने संरक्षण वाढत नाही. गाडी सपाटीवर आणि तेल थंड असताना पातळी फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेशी असावी, असे बहुतेक पेट्यांचे माप असते. त्याहून वर तेल घुसळले जाते, फेसाळते आणि तापते. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेरच ४५ अंश असताना, ही जादा उष्णता मुळीच परवडत नाही. त्यात ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) धुळीने बुजलेला असेल किंवा गिअरबॉक्स चढवताना त्याची नळी दाबली गेली असेल, तर आतली हवा २५ अंशांवरून ९५ अंशांवर जाताना दाब सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो आणि तो चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. अशा गळतीत दोष सीलला दिला जातो आणि नळीकडे कोणी पाहत नाही.

तेल काढण्यापूर्वी फिलर प्लग सुटतो का, ते आधी पाहावे. तो गंजून अडकला असेल तर रिकामी केस घेऊन बसावे लागते. काम झाल्यावर काहीशे किलोमीटरनी दोन्ही पेट्यांची पातळी एकाच वेळी तपासावी, आणि एकीकडची चढून दुसरीकडची उतरलेली आढळली तर गाडी पुन्हा जॅकवर घ्यावी, मग जमीन कितीही कोरडी असो.