‘जरा ॲडजस्ट कराल ना?’

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं आणि ‘घरी सगळे कसे आहेत?’ असं विचारलं, की समजावं, आपली शिफ्ट बदलली. रोस्टर कालच तयार झालेलं असतं, त्यावर तुमचं नावही पडलेलं असतं. राहिलेला असतो तो फक्त तुमचा होकार, आणि नेमका तो देताना भली भली माणसं घोळ घालतात.

होकार साहेबांचं वाक्य संपायच्या आत द्यावा. ‘जरा तुमच्या वेळेचं बघायचं होतं…’ एवढं कानावर पडताच ‘हो सर, काहीच प्रॉब्लेम नाही’ म्हणून मोकळं व्हावं. ‘घरी विचारून उद्या सांगतो’ हे तर चुकूनही म्हणू नये. एक तर आपल्याला घर आहे हे त्यातून उघड होतं. शिवाय रात्रभरात माणसाला प्रश्न सुचतात: साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी, नाइट अलाउन्स मिळणार का, अपरात्री सुटल्यावर घरी जायचं कसं. असलं काही विचारणाऱ्याला ऑफिसात ‘निगेटिव्ह’ म्हणतात.

त्यातही ‘कधीपर्यंत?’ हे विचारूच नका. ‘टेम्पररी आहे हो, नवा माणूस आला की झालं,’ असं साहेबांनी सांगितलंय ना? मग झालं. तारीख मागणं म्हणजे त्यांच्या शब्दावर अविश्वास. आणि लेखी तर मुळीच मागू नका. ‘आज बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ही वेळ सांभाळेन’ असा दोन ओळींचा मेल टाकणारी आगाऊ माणसं असतात. त्यांची शिफ्ट बऱ्याचदा त्या तारखेला खरोखरच पूर्ववत होते. बाकीची टीम रात्री जागतेय आणि हा गृहस्थ संध्याकाळी घरी, कसं दिसतं ते! अपॉइंटमेंट लेटरही कपाटातच राहू द्या. ‘व्यवस्थापनाच्या गरजेनुसार वेळ बदलू शकते’ हे त्यात असणारच, पण शेजारी पूर्वसूचनेचे दिवसही छापलेले निघाले तर उगाच मनस्ताप.

कुणी इतिहास काढेल. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती ही ब्रिटिश समाजसुधारक रॉबर्ट ओवेनची एकोणिसाव्या शतकातली मागणी. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलाच करार झाला तो उद्योगांतल्या कामगारांसाठी, दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा. असेल. पण ते आठ तास सलग हवेत असं कोण म्हणालं? चार सकाळी, चार रात्री, मधला वेळ सगळा तुमचा! त्या वेळात घरी जाऊन यावं तर तो प्रवासातच संपतो आणि ऑफिसात बसून काढावा तर त्याचा पगार नाही, एवढी किरकोळ अडचण सोडली तर व्यवस्था उत्तम आहे.

राहता राहिलं शरीर. ते कुरकुर करतं, कारण त्याला रोस्टर वाचता येत नाही. शरीराच्या आतल्या घड्याळाची यंत्रणा शोधणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल मिळालं, पण त्यांचं संशोधन फळमाश्यांवर होतं. माशीला अप्रेझल नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलं. रोस्टरमध्ये त्यासाठी रकाना नाही, त्यामुळे तेही सोडा. जाणकार आणखी एक सांगतात: पाळी बदलायचीच तर सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकवावी, कारण लवकर झोपण्यापेक्षा उशिरा झोपणं शरीराला सोपं जातं. म्हणूनच बहुधा आपल्याकडचं रोस्टर उलटं फिरतं. नाइट संपवून जेमतेम डोळा लागतो न लागतो तोच सकाळच्या पाळीची कॅब खाली हॉर्न वाजवते. अशा वेळी ‘झोप झाली नाही’ म्हणू नये. ‘फ्रेश वाटतंय’ म्हणावं आणि मशीनपासून चार पावलं लांब उभं राहावं.

कधी तुम्हालाच तासभर लवकर निघावंसं वाटेल. तेव्हा मात्र अर्ज लेखी हवा, कारणासह, दोन दिवस आधी, एचआरला प्रत जोडून. नियम म्हणजे नियम. तुमच्यासाठी मोडला तर उद्या सगळेच मागतील.

एवढं सगळं निमूट सांभाळलंत की एक दिवस तुमचंही चीज होईल. तो बहुचर्चित नवा माणूस खरोखर रुजू होईल. साहेब तुम्हाला केबिनमध्ये बोलावतील, खांद्यावर हात ठेवतील आणि म्हणतील, ‘तुम्ही सीनियर आहात, त्याच्याशी तुम्हीच बोला. नाइट तुम्ही दोघांनी मिळून बघायची आहे.’ नव्या मुलाला बसायला सांगा. सुरुवात घरच्यांच्या चौकशीने करा.