‘दोन देखणी पोरं आणि चिप्सचं पाकीट’

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला तीन गटांवर आला. एकदा मामेबहिणीकडून, एकदा ऑफिसच्या डब्याच्या गटावर, आणि एकदा शाळेच्या बॅचकडून, जिथे एरवी फक्त वाढदिवसाचे केक येतात. लिहिणाऱ्याचं नाव नाही. मथळा: ‘थाई बीएलच्या नादी लागलेल्या मुलींच्या पालकांसाठी’. बीएल म्हणजे ‘बॉइज लव्ह’, दोन मुलांच्या प्रेमाच्या मालिका. आत पाच आरोप. या सगळ्या मालिकांची गोष्ट एकच असते. त्या बळजबरीला प्रेम म्हणतात. पोरींनी पोरींसाठी रंगवलेली ही स्वप्नं आहेत, खऱ्या समलिंगी माणसांशी त्यांचा संबंध नाही. मालिका हे निमित्त, खरा धंदा जाहिरातींचा. आणि यांच्याच जोरावर थायलंडमध्ये ‘तो’ कायदा झाला, समलिंगी लग्नाचा, आता आपला नंबर. शेवट असा: ‘थोडक्यात काय, दोन देखणी पोरं आणि चिप्सचं पाकीट.’

हे शेवटचं वाक्य झकास आहे. बाकीच्याबद्दल बोलू.

मी छत्तीस वर्षांचा पुरुष, समलिंगी, ठाण्यात आईबरोबर राहतो, नोकरी हिशेब तपासण्याची. २०२० च्या टाळेबंदीत, सगळं जग पाहत होतं म्हणून, ‘टुगेदर’ पाहिली, आणि तेव्हापासून या गावात माझं येणंजाणं आहे. त्यामुळे ज्या मुलींच्या पालकांना हा मजकूर सावध करतोय, त्यांत मी कुठे बसतो ते मला कळलेलं नाही.

‘गोष्ट एकच असते.’ इंजिनिअरिंगचं कॉलेज, एक तापट सीनिअर, एक हजरजबाबी ज्युनिअर, पावसात एक छत्री. हो, अशा मालिका ढिगाने आहेत, आणि त्याला कारण आहे. २०१६ मध्ये ‘सोटस’ आली आणि तुफान चालली. थायलंडच्या विद्यापीठांत नव्या मुलांच्या ‘स्वागता’ची एक पद्धत आहे, आपण तिला सरळ रॅगिंग म्हणू. त्या पद्धतीच्या पाच इंग्रजी तत्त्वांची आद्याक्षरं म्हणजे सोटस. सीनिअर ओरडणार, ज्युनिअर मैदानावर बैठका मारणार, आणि सरतेशेवटी त्यांना विभागाचं गिअर मिळणार, दातेरी चाकाच्या आकाराचं मानचिन्ह. ही मालिका चालली, मग पुढची पाचसहा वर्षं निर्मात्यांना दुसरी फॅकल्टी दिसेना. आपल्याकडे एक सासू चालली की प्रत्येक वाहिनीवर सासू येते, तसंच.

पण त्याच ‘सोटस’च्या पहिल्या भागातला एक क्षण पाहा. आर्थित हा सीनिअर सगळ्यांसमोर दरडावतो, मी गिअर दिलंच नाही तर काय करशील? कोंगपोब शांतपणे म्हणतो, मग तुम्हाला माझी बायको करीन. नवराबायकोचं सगळं एकच असतं ना, तुमचं गिअर आपोआप माझं झालं. इंग्रजी सबटायटलमध्ये हे सगळं ‘यू’वर भागतं. थाईमध्ये मात्र तो समोरच्याला ‘फी’ म्हणतो, म्हणजे वडील भावंड, आणि स्वतःच्या बोलण्याला ‘ख्रप’ हे अदबीचं शेपूट लावतो. थोडक्यात, ‘दादा, मी तुम्हाला बायको करीन हं’ असा सूर. ‘अहो’ म्हणत कुणाची खोडी काढण्यातली गंमत मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्यांच्याकडेही सर्वनामांची उतरंड आहे: जिवलग दोस्तांत ‘कू’ आणि ‘मुंग’, आपल्या ‘लेका’च्या पट्टीतलं, परक्यांत सभ्य शब्द. काही जोड्या प्रेमात पडतात तेव्हा आधी सर्वनाम बदलतं, कबुली मागाहून येते. मी आता सबटायटल वाचता वाचता कान तिकडेच ठेवतो.

आणि त्याच वाक्यात जे खुपतं तेही सांगतो. ‘बायको करीन’ ही धमकी होते कशी? कारण बायको होणं म्हणजे खाली जाणं. त्या एका शब्दाने या प्रकाराला वर्षानुवर्षं छळलं. दोन पुरुष दिसले की मित्रमंडळी पहिलं विचारणार, तुमच्यात बायको कोण? २०२१ च्या अखेरीस ‘बॅड बडी’ आली. तिच्यात शेजारी राहणाऱ्या आणि एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन घरांतले पॅट आणि प्रान आहेत, आणि कोण नवरा कोण बायको ही वाटणीच नाही. पॅट इंजिनिअरिंगचाच आहे, बरं का. प्रान आर्किटेक्चरचा. म्हणजे कॉलेज तेच ठेवून गोष्ट बदलता येते.

ज्यांना कॉलेजच नको, त्यांनी ‘मूनलाइट चिकन’ पाहावी. २०२३ ची, आठच भाग. पट्टायातलं खाओ मन काईचं दुकान: उकडलेली कोंबडी आणि तिच्याच रश्शात शिजवलेला भात. मालक जिम चाळिशीकडे झुकलेला, कोविडनंतर धंदा बसलेला, भाचा ली मिंग सांभाळायला. ली मिंगची ओळख होते हार्टशी. हार्टला ऐकू येत नाही, म्हणून हा उठून हातांची भाषा शिकायला लागतो. हे मी घरी पाहत होतो तेव्हा आई शेजारी वाटाणे सोलत बसली होती. तिचा शनिवार. पहिल्या दहा मिनिटांत तिचा आक्षेप आला: ‘कोंबडी नुसती उकडून? मसाला कुठाय?’ दुसऱ्या भागाला ती विचारायला लागली, ‘हा बिचारा एकटाच दुकान रेटतो का रे?’ ली मिंग आणि हार्ट हातांनी बोलायला लागले तसे तिचे वाटाणे सोलायचे थांबले. तो भाग संपल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘त्या मुलाशी घरातलं कुणी बोलतच नव्हतं.’ मी तिला माझ्याबद्दल सांगितलं त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि त्यातली पहिली दोन आम्हीही फारसे बोललो नव्हतो. वाटाणे मग मीच सोलले.

फुकेतमध्ये घडणारी ‘आय टोल्ड सनसेट अबाउट यू’ आहे, २०२० ची. तिच्यात प्रवेशपरीक्षेसाठी एक मुलगा दुसऱ्याला चिनी शिकवतो, आणि प्रेमापेक्षा जास्त भीती आहे. एकच गोष्ट म्हणणाऱ्याने यांतल्या किती पाहिल्या असतील, असा मला प्रश्न पडतो.

‘बळजबरीला प्रेम म्हणतात.’ इथे मजकूर बरोबर आहे. पण उशिरा आलाय. २०१९ ची ‘थार्नटाइप’ गाजली, आणि तिच्यात नशेत झोपलेल्या रूममेटशी जे केलं जातं त्याला मी दुसरं गोड नाव देणार नाही. मी ती अर्ध्यात सोडली. अशा प्रसंगांवर जगभरच्या पाहणाऱ्यांनी रान उठवलं होतं, पाहणाऱ्या मुलींनीच. ज्यांना हा मजकूर भोळ्या समजतो, त्याच मुली भागाच्या सुरुवातीला काय खटकेल त्याची सूचना एकमेकींना देऊन ठेवतात. मलाही त्यांनीच वाचवलंय. ‘मी तसला नाही, मला फक्त तूच आवडतोस’ हे वाक्य तर माझं खास दुखणं. प्रत्येक दुसऱ्या मालिकेत कुणीतरी ते डोळ्यांत पाणी आणून म्हणतं, आणि मी उशीत तोंड खुपसतो. ‘तसला’ म्हणजे मी ना? मग मी कुठे जाऊ? पण राग आला म्हणून मी सगळा प्रकार टाकून देत नाही. मराठी नाटकातही बायकोला थप्पड मारून टाळी घेणारे नायक होऊन गेले. आपण नाटक बंद नाही केलं, ती थप्पड बंद केली.

‘पोरींनी पोरींसाठी.’ लिहिणाऱ्यांत बायका जास्त, हे खरं. बहुतेक मालिका इंटरनेटवर क्रमशः लिहिलेल्या कादंबऱ्यांवरून येतात. ही वाचकमंडळी तिकडे ‘साओ वाय’, म्हणजे ‘वाय’वाल्या मुली, वाय हा जपानी ‘याओई’तला, म्हणजे पुरुषांच्या आपसातल्या प्रेमकथांतला. आणि त्यांनी स्वतःला कधी लपवलेलंही नाही. २०१४ च्या ‘लव्ह सिक’पासून ही लाट सुरू झाली असं मानतात. तिची सगळी भानगडच मुळी अशी: फुनला वडील एका मुलीशी जोडू पाहतात, ते टाळायला तो नो नावाच्या मुलाला खोटा प्रियकर व्हायला विनवतो, कारण त्याची धाकटी बहीण अशा गोष्टींची वेडी आहे, ती वडिलांना गुंडाळेल. म्हणजे ‘पोरगी’ पहिल्याच मालिकेत पात्र होऊन बसली आहे.

पण म्हणून ‘खरी माणसं’ नाहीत? ‘नॉट मी’ची दिग्दर्शक अनुचा बूनयवतना ही पारलिंगी स्त्री आहे, तिचा ‘मलिला’ हा चित्रपट थायलंडने ऑस्करसाठी पाठवला होता. ‘नॉट मी’त प्रेमाइतकीच जागा पैसेवाल्यांच्या मनमानीला आहे, आणि विवाहाच्या हक्कासाठीच्या मोर्चात फडकणारा भलामोठा सप्तरंगी झेंडाही. बरं, पाहणारे? मी आहे. पुण्यातले माझे दोन मित्र आहेत. आम्ही तिघे मोजणीत आलो नाही, कारण आम्ही असं काही पाहतो हे आम्ही कुणाला सांगत नाही. गटावर मजकूर आला तेव्हाही मी अंगठा दाखवून गप्प बसलो होतो.

या मुद्द्यात एक खरी जखम आहे, ती मात्र मजकुराने पाहिलीच नाही. पडद्यावरच्या जोडीला तिकडे ‘खू चिन’ म्हणतात, मनात कल्पिलेली जोडी. मालिका संपली तरी जोडी संपत नाही: एकत्र जाहिराती, एकत्र कार्यक्रम, रंगमंचावर गालाला गाल. त्यातल्या एकाची खरीखुरी मैत्रीण निघाली की चाहते फसवणूक झाल्यासारखे चवताळतात. विशीतल्या पोराने कुणाचा हात धरायचा हे अनोळखी हजारोंनी ठरवायचं, हे मला पाहवत नाही. २०२१ च्या ‘लव्हली रायटर’ने याच धंद्यावर बोट ठेवलं. नायक स्वतः असल्या कादंबऱ्या लिहिणारा, त्याच्या कादंबरीवर मालिका निघते, त्यातल्या नटावर त्याचं प्रेम बसतं, आणि चाहत्यांना हवी असते दुसरीच जोडी. आतल्या माणसांनी आतून केलेली ही तक्रार गटावरच्या पाच आरोपांपेक्षा बोचरी आहे.

‘जाहिरातींचा धंदा.’ कबूल. कालव्याकाठी दोघांचं भांडण पेटलंय, डोळे भरलेत, आणि अचानक एक जण चिप्सचं पाकीट काढतो. छाप कॅमेऱ्याकडे. एक चिप्स तोंडात, ‘कुरकुरीत आहे ना?’ मग भांडण पुढे चालू. किंवा नायक रात्री तोंडाला मलम लावताना डबी गालाशी धरून थांबतो, जणू फोटो काढणार आहेत. आई याला ‘मध्येच बाजारात जातात’ म्हणते. पण अनेक मालिका यूट्यूबवर चार तुकड्यांत, सबटायटलसकट, फुकट मिळतात. त्याचे पैसे कुणीतरी देणारच, ते चिप्सवाला देतो. शिवाय मालिका सहसा बाराएक भागांत संपते. वर्षानुवर्षं रोज रात्री जाहिरातींच्या सुट्ट्या घेत चालणारं कथानक पाहणाऱ्या देशाने पाकिटावरून नाक मुरडावं, याचं मला हसू येतं.

राहिला कायदा. थायलंडच्या खालच्या सभागृहाने २७ मार्च २०२४ रोजी विवाहसमतेचं विधेयक ४०० मतांनी संमत केलं, सिनेटने १८ जूनला १३० विरुद्ध ४ अशा मतांनी, आणि २३ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. हे मालिकांनी केलं म्हणणं म्हणजे वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात झिजलेल्या माणसांचं श्रेय दोन देखण्या पोरांना देणं. याच देशाच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये, मालिकांची ऐन लाट असताना, लग्न स्त्रीपुरुषांचंच, असा निकाल दिला होता. मालिकांनी घरातल्या लोकांच्या नजरेला सवय लावली असेल. मतं खासदारांनी दिली. आणि ‘आता आपला नंबर’ या भीतीला उत्तर म्हणून आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल वाचावा. नकार आहे तो. त्या रात्री मी कुठलीच मालिका लावली नाही.

मजकुरात जे यायला हवं होतं ते आलंच नाही: अकराव्या भागाचा शाप. दहा भाग सुरळीत, आणि अकराव्यात जोडी काहीतरी फुसक्या कारणाने तुटणार. कुणी परदेशी जाणार, कुणी ‘तुझ्या भल्यासाठी’ गप्प होणार. मग अर्धा भाग जुनीच दृश्यं, मागे तेच गाणं. बाराव्यात ‘चार वर्षांनंतर’ अशी पाटी, आणि सगळं गोड. हे ज्याने भोगलंय तो त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहत नाही.

बँकॉकचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. तिकडे साडेआठ म्हणजे इकडे सात, नेमकी आईच्या मालिकेची वेळ. या शुक्रवारी आमच्या चालू मालिकेचा अकरावा भाग आहे, म्हणून तिला आधीच सांगून ठेवलं, आज रडारड असेल, शाप असतो त्या भागाला. तिने रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘त्यात काय, आमच्यात रोज असतो.’