विश्रामबागवाड्यापुढून जाताना जीव तुटतो

पुण्यात तुळशीबागेत खरेदीला गेलं की परत येताना विश्रामबागवाड्यापाशी पाय थबकतातच. आणि दर वेळी संताप! दुसऱ्या बाजीरावाने 1807 मध्ये बांधलेला हा वाडा. 1821 मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरली, 1879 च्या आगीत मोठा भाग जळाला, तरी तो पुन्हा उभा राहिला. आणि आपण? सुरूच्या झाडाच्या आकाराच्या सागवानी खांबावरचं नाजूक कोरीवकाम बघायला जवळ जावं, तर कोपऱ्यात पानाची ताजी पिचकारी, लाकडावर किल्लीने कोरलेलं बदाम आणि दोन नावं. परवा एकाला टोकलं, तर म्हणे, "काकू, तुमच्या घरचा आहे का?" हो रे बाबा, माझ्याच घरचा आहे! तुझ्याही!