वाचवून वाचवून नेचा संपवावा कसा

तुमच्या ताब्यात एखादं तळं असेल आणि त्याच्या काठावर पिलवर्ट नावाचा नेचा उगवत असेल, तर आधी तुमचं अभिनंदन. हा नेचा खास युरोपचा, आणि तिथेही बहुतेक ठिकाणी त्याची पीछेहाटच चालू आहे. जतनाला अग्रक्रम द्यायच्या प्रजातींची जी यादी इंग्लंडने 2006 सालच्या कायद्यानुसार केली, तिच्यात त्याचं नाव आहे. म्हणजे आता तुम्हाला काहीतरी करून दाखवणं भाग आहे. घाबरू नका. जरा चिकाटीने घेतलंत तर काही वर्षांत तळं राहील, पाटी राहील, नेचा तेवढा जाईल, आणि तुमच्याकडे कोणी बोटही दाखवणार नाही.

पहिली अडचण त्याच्या रूपाची. नेचा म्हटल्यावर लोकांना पिसासारखी डौलदार पानं हवी असतात. इथे आहेत बोटभर उंचीचे हिरवे दोरे, चिखलात सरपटणाऱ्या बारीक खोडातून वर आलेले. लांबून गवतच. गुडघे टेकून बसलात तर कोवळ्या दोऱ्याचं टोक गुंडाळलेलं दिसतं. गवताचं पातं कधी असं गुंडाळत नाही, तीच ओळखायची खूण. दोऱ्याच्या बुडाशी जेमतेम 3 मिलिमीटरची तपकिरी, लवदार गोळी असते. बीजाणू तिच्यात. पण तळ्याच्या उद्घाटनाला येणारे पाहुणे काही चिखलात गुडघे टेकणार नाहीत. तेव्हा माहितीफलकावर सरळ ऑस्मुंडाचा फोटो छापा. तोही पाणथळ जागेतलाच नेचा, चांगला माणसाच्या छातीला लागतो, फोटोत भरदार दिसतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये नेचे जमवायचं वेड शिगेला पोचलं, तेव्हा लोकांनी तो मुळासकट उपटून घरोघरी नेला होता. इतक्या लोकप्रिय उमेदवारापुढे आपल्या दोऱ्याचा काय पाड लागणार!

फलक लागला की कुंपणाचं बघा. इथे हात आखडता घेऊ नका, कारण खरं काम कुंपणच करतं. दक्षिण इंग्लंडमधलं न्यू फॉरेस्ट हा पिलवर्टचा मोठा आधार आहे, आणि तिथली तळी बघितलीत तर तुम्हाला भोवळ येईल. आसपासच्या लोकांना तिथे चराईचे जुने हक्क आहेत. त्यांची तट्टं आणि गाई मोकळ्या हिंडतात, पाण्याला येतात, काठ तुडवतात, उंच वाढेल ते ओरबाडून खातात आणि जाताना शेण टाकून जातात. सभ्य माणसाला बघवणार नाही असा तो राडा. पिलवर्टला नेमका तोच लागतो. उंच झाडोऱ्याशी झुंजायची त्याच्यात ताकद नाही. खुरांनी उघडा पडलेला ओला चिखल मिळाला तरच तो हातपाय पसरतो. एकदा कुंपण घातलंत की जनावरं बाहेर राहतात, काठ हिरवागार होतो, लव्हाळे कमरेएवढे वाढतात, मागोमाग विलोची झुडपं येतात. दोन वेळचे फोटो शेजारी शेजारी लावा. कोणीही म्हणेल, वा, काय सुधारणा आहे! आत सावलीत दोऱ्यांचं काय झालं हे विचारायला कोण येतंय?

मग पाणी. उन्हाळ्यात तळं आटायला लागलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि येणाजाणाऱ्याला वाटतं, हे तळं मरायला टेकलंय. वास्तविक पिलवर्टचं वर्ष ह्या चढउतारावरच चालतं. पाण्याखालीही तो जगतो, पण गोळ्या धरायच्या तर त्याला पाणी उतरलेलं लागतं. तुम्ही मात्र लोकभावनेचा आदर करा आणि नळाचं पाणी सोडून तळं बारा महिने काठोकाठ ठेवा. त्या पाण्यासोबत फॉस्फेट आलं तर दुधात साखरच, कारण पिलवर्टला लागतं आम्लधर्मी आणि पोषणाच्या बाबतीत कंगाल पाणी. शेजारी एक बाक टाका. बाकावर माणसं बसतील, माणसं बदकांना पाव घालतील, पावातलं आणि बदकांच्या विष्ठेतलं सगळं पाण्यात उतरेल, आणि पुढचं काम शेवाळ बिनपगारी करेल.

एवढं करूनही नेचा तग धरून राहिला तर क्रॅस्युला हेल्म्साय आणा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची ही पाणवनस्पती युरोपात बागेतल्या तळ्यांसाठी, पाण्यात प्राणवायू सोडते म्हणून वर्षानुवर्षं विकली गेली. 2014 मध्ये इंग्लंडने ज्या पाच पाणवनस्पतींच्या विक्रीवर बंदी घातली, त्यांत ती आहे. (त्या पाचांत अझोला हा तरंगणारा नेचाही आहे. नेच्यांचं घराणं म्हणजे सगळेच बापुडवाणे, असं समजू नये.) बंदी आली म्हणून तुमचं काही अडणार नाही, ती विकत घ्यावीच लागत नाही. खोडाचा नखाएवढा तुकडाही रुजतो. पाणी उतरल्यावर उघडा पडणारा काठ हीच तिचीही आवडती जागा, आणि तिथे ती असा दाट गालिचा अंथरते की दोऱ्याला डोकं वर काढायला फट उरत नाही. तिची ने-आण करायला पिलवर्ट मोजणारे स्वयंसेवक उत्तम. सकाळी एक तळं, दुपारी दुसरं, पायात तेच चिखलाचे बूट. बूट घासा, वाळवा, असं कोणी सुचवलंच तर वेळ नाही म्हणून सांगा.

इथे एक कबूल करायला हवं: खुरांना चिकटूनही क्रॅस्युलाचे तुकडे फिरतात. म्हणजे ज्या जनावरांवाचून पिलवर्टचं चालत नाही, तीच त्याच्या वैऱ्यालाही पोचवू शकतात. जे हे काम मनापासून करतात त्यांची झोप उडवणारा हा पेच आहे. तुम्हाला त्याचा उपयोग एवढाच की कुंपणाच्या प्रस्तावात हे वाक्य ठळक अक्षरांत टाकता येतं.

शेवटी वार्षिक अहवाल. "यंदा प्रजाती आढळली नाही, सर्वेक्षण सुरू राहील" एवढं लिहिलंत की पुढच्या वर्षाच्या निधीची सोय झाली. फक्त एका गोष्टीवर लक्ष ठेवा. हा प्राणी, म्हणजे वनस्पती, जरा चिवट आहे. दिसेनासा झाल्यावरही चिखलात त्याचे बीजाणू दबा धरून बसलेले असू शकतात. तळ्याचा काठ खरवडला, गाळ उपसला की तो पुन्हा वर आल्याची उदाहरणं आहेत. वाळू-खडीच्या जुन्या खाणींत आणि कच्च्या रस्त्यावरच्या चाकोऱ्यांतही तो उगवतो. त्यामुळे जेसीबीवाल्याला काठाच्या जवळपास फिरकू देऊ नका. तो चुकून वळताना रुतलाच, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या चाकोरीत टोकं गुंडाळलेले हिरवे दोरे दिसले, तर आधी त्याचं बिल अडवा. मग चाकोरीत चांगली खतावलेली माती भरून घ्या, वर रानफुलांचं बी टाका, आणि कुंपणाच्या दुसऱ्या टप्प्याची निविदा काढा.